खाडीकाठच्या लोखंडी शेडचं रंगकाम: कोणता थर, किती मायक्रॉन आणि कधी मोजायचा

नवी मुंबईकडे रबाळे, महापे, तुर्भे किंवा तळोज्यात नवी शेड उभी करायची म्हटलं की फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये रंगकामाला एकच ओळ मिळते: "एक हात रेड ऑक्साइड, दोन हात ऑईल पेंट." या ओळीत मोजता येईल असं काहीही नाही. लोखंड कसं साफ करणार, प्रायमर कोणत्या जातीचा, एका हाताची जाडी किती, सगळं मोघम. त्यात रंगकामाची खोड अशी की प्रत्येक थर खालच्या थरातली चूक झाकून टाकतो. शेवटचा हात चकचकीत दिसला की बिल पास होतं. मग एकदोन पावसाळे गेले की वेल्डच्या कडेनं तांबूस ओघळ यायला लागतात, आणि तोवर कोण कुठे चुकलं हे शोधायला काही उरलेलं नसतं.

म्हणून या लेखातला क्रम एकाच आग्रहावर उभा आहे: पुढचा थर चढायच्या आधी मागचा थर तपासून, मोजून, लिहून घ्यायचा. नवी शेड, मेझनाइन, पाइप रॅक, सोसायटीच्या गच्चीवरची पत्र्याची शेड, सगळ्यांना हे लागू आहे.

आधी तुमची हवा ओळखा

आयएसओ १२९४४ हे या विषयातलं जगभर वापरलं जाणारं मानक. ते हवेचे सी-१ पासून सी-५ पर्यंत वर्ग पाडतं, आणि भर समुद्रातल्या फलाटांसारख्या ठिकाणांसाठी वर सीएक्स ठेवतं. वर्ग ठरतो तो उघडं लोखंड पहिल्या वर्षात किती झिजतं त्यावरून. सी-३ मध्ये २५ ते ५० मायक्रॉन, सी-४ मध्ये ५० ते ८०, सी-५ मध्ये ८० ते २०० मायक्रॉन. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. तीन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपवर उभ्या असलेल्या शेडला सी-५ मधली झीज परवडणारी नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर आणि मधे रासायनिक कारखाने. तळोज्यात खाडी जरा लांब, पण शेजारच्या प्लॉटमधून आम्लाची वाफ येत असेल तर काही फरक पडत नाही. उरण-न्हावाशेव्याकडे थेट खारा वारा. अशा जागी मी सरळ सी-५ धरतो. वागळे इस्टेटमध्ये, आजूबाजूला रासायनिक युनिट नसेल तर, सी-४ पुरेसा वाटतो. पण नुसता पत्ता पाहून ठरवू नका. शेडच्या आत पिकलिंगची (लोखंड आम्लात बुडवून साफ करायची) टाकी आहे का, प्लेटिंग होतं का, शीतगृहाच्या बाहेरच्या बीमवर पाणी सुटतं का, कूलिंग टॉवरचे तुषार कुठल्या कॉलमवर पडतात, हे पाहा. एकाच शेडचे दोन भाग दोन वर्गांत जाऊ शकतात. आपल्या आयएस ८०० : २००७ मध्येही टिकाऊपणावर स्वतंत्र विभाग आहे. तुमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटला तो उघडायला लावा.

दुसरा प्रश्न आयुष्याचा. याच मानकात सात वर्षांपर्यंत 'कमी', ७ ते १५ 'मध्यम', १५ ते २५ 'जास्त' आणि २५ च्या पुढे 'खूप जास्त' असे टिकाऊपणाचे गट आहेत. हा आकडा म्हणजे पहिलं मोठं पुनर्रंगकाम साधारण कधी येईल याचा अंदाज. ती गॅरंटी नव्हे, आणि मानकच तसं स्पष्ट सांगतं. विक्रेता "पंधरा वर्षं बघायला नको" म्हणाला तर हे लक्षात असू द्या.

तीन थर, तीन कामं

सी-५ आणि 'जास्त' टिकाऊपणा हवा असेल तर झिंक-रिच प्रायमर धरून तीन थरांत मिळून किमान २६० मायक्रॉन सुकी जाडी लागते. सी-४ ला तेवढ्याच टिकाऊपणासाठी २००. झिंक नसलेला इपॉक्सी प्रायमर घेतला तर हेच आकडे ३०० आणि २४० होतात.

२६० ची सरळ विभागणी अशी: झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर ६०, मधला इपॉक्सी १५०, वरचा पॉलियुरेथेन ५०.

प्रायमरमधलं जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि ओरखडा पडला तरी आजूबाजूचं लोखंड सांभाळतं. त्यासाठी सुकलेल्या थरात वजनानं किमान ८० टक्के जस्त हवं, आणि जस्ताचा लोखंडाशी वीज वाहील असा थेट संपर्क हवा. म्हणजे हा प्रायमर फक्त ब्लास्ट केलेल्या, म्हणजे हवेच्या दाबानं खरखरीत कण मारून साफ केलेल्या, उघड्या लोखंडावरच काम करतो. वायर ब्रश मारलेल्या गंजावर झिंक-रिच प्रायमर लावणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं. हे इतक्या ठिकाणी होतं की मुद्दाम जोर देऊन सांगतो: ब्लास्टिंग होणार नसेल तर झिंक मागूच नका.

मधला थर अडसराचा. त्यात मायकेशियस आयर्न ऑक्साइडचे चपटे कण असतील तर उत्तम, कारण ते खवल्यांसारखे एकावर एक बसतात आणि ओलाव्याला आत शिरायला लांबचा रस्ता घ्यावा लागतो. जाडी कमवायची ती इथेच.

वरचा पॉलियुरेथेन उन्हासाठी. इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुकटतो; बोट फिरवलं की पांढरं लागतं. ऊन लागतच नाही अशा आतल्या भागात पॉलियुरेथेन टाळून सगळं इपॉक्सीमध्ये करायला हरकत नाही, तेवढे पैसे मधल्या थरात घाला.

आणि रेड ऑक्साइड-एनॅमल? कोरड्या आतल्या जागेत, हातानं पुन्हा रंगवता येईल अशा ठिकाणी ते अजूनही ठीक. पण गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पर्लिनवर, म्हणजे छताचा पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्टीवर, किंवा पत्र्यावर तेलाचा रंग थेट लावू नका. जस्तावर त्यातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. गॅल्व्हनाइज्डसाठी हलकं स्वीप ब्लास्टिंग किंवा एच (etch, आम्लयुक्त) प्रायमर, आणि त्यावर इपॉक्सी.

ड्रॉईंगवरच टाळता येणारा गंज

पाठीला पाठ लावलेले दोन अँगल, मधे आठ-दहा मिलिमीटरची फट: तिथे ना ब्रश जातो ना स्प्रे. एकतर फट वेल्डनं बंद करा किंवा हात जाईल एवढी मोठी ठेवा. तुटक वेल्डऐवजी सलग वेल्ड घ्या. चॅनेल उताणा ठेवला तर पाणी साचतं, तो पालथा टाका, नाही तर भोक द्या. बेस प्लेट जमिनीच्या वर ग्राउटवर बसवा आणि ग्राउटला बाहेरच्या बाजूला उतार द्या. कॉलमचा तळ गंजतो तो बहुतेक वेळा रंग वाईट होता म्हणून नव्हे, तर फरशी धुतल्याचं पाणी रोज तिथे थांबतं म्हणून.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं

पृष्ठभागाची तयारी कोणत्या दर्जाची. ब्लास्टिंगनंतर खडबडीतपणा किती. प्रत्येक थराचं उत्पादनाचं पूर्ण नाव, त्यातले घन पदार्थ आकारमानानं किती टक्के आणि सुकी जाडी किती मायक्रॉन. कडांवरचा स्ट्राइप कोट, म्हणजे ब्रशनं द्यायचा जादा हात, वेगळा धरलाय का. किती हात वर्कशॉपमध्ये आणि किती साइटवर. जाडी कोण, कशानं मोजणार. आणि सर्वात महत्त्वाचं: "पुढचा थर मालकाच्या प्रतिनिधीनं लेखी होकार दिल्यावरच." या एका वाक्यावर फॅब्रिकेटर कुरकुरला तर तो दर कुठे वाचवणार होता ते कळतं.

रंगाचा हिशोब स्वतः करून पाहा, अवघड नाही. आयएसएमबी ३०० (३०० मिलिमीटर उंचीचा, आय-आकाराचा) सारख्या बीमचा पृष्ठभाग टनाला साधारण २५ चौरस मीटर पडतो. हलक्या अँगल-पाइपचा याहून जास्त. दहा टन धरले तर २५० चौरस मीटर. एक लिटर रंग किती चौरस मीटर जातो, तर घन टक्केवारी गुणिले दहा, भागिले सुकी जाडी. मधल्या थरात ७५ टक्के घन असतील तर ७५० भागिले १५०, म्हणजे लिटरला ५ चौरस मीटर. २५० ला ५० लिटर. हे कागदावरचं झालं. स्प्रेत उडणारा, नळीत राहणारा आणि खडबडीत पृष्ठभागात मुरणारा रंग मिळून ३५ टक्के नुकसान धरलं तर ७७ लिटर. साइटवर या थराचे वीस-वीस लिटरचे दोनच डबे उघडलेले दिसले, तर जाडी मोजायच्या आधीच उत्तर मिळालं.

पृष्ठभाग: इथे घाई नको

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आलेला नवा माल निळसर-करडा, गुळगुळीत दिसतो. तो निळसर थर म्हणजे मिल स्केल, रोलिंगच्या वेळी बनलेली खपली. पक्की वाटते, पण काही महिन्यांत तडकते आणि सुटताना वरचा रंग सोबत घेऊन जाते. यार्डात पावसात पडलेल्या मालावर गंज आणि स्केल दोन्ही असतात. दोन्ही निघायलाच हवेत.

क्रम असा. प्रथम वेल्डवरचं स्लॅग आणि स्पॅटरचे मणी ग्राइंडरनं काढा. कापलेल्या सगळ्या धारदार कडा गोल करा; कडक कामात दोन मिलिमीटर त्रिज्या मागतात. मग तेल-ग्रीस सॉल्व्हंटनं किंवा डिटर्जंटनं पुसा. हे ब्लास्टिंगच्या आधीच, कारण ब्लास्टिंग तेल काढत नाही, सगळीकडे पसरवतं. मग गोड्या पाण्यानं धुवा. नळाला मोरबे किंवा बारवी धरणाचं पाणी असेल ते चालेल. खाडीजवळच्या बोअरचं पाणी वापरू नका. मीठ काढायला मीठच लावाल.

त्यानंतर ब्लास्टिंग. दर्जा एसए २.५, साइटवर 'टू अँड हाफ' म्हणतात तो. अर्थ असा की स्केल, गंज, जुना रंग सगळं गेलेलं आणि राहिलेच तर फक्त पुसट डाग-रेघा. तुलनेसाठी आयएसओ ८५०१-१ मधली छायाचित्रं असतात, ती हातात ठेवूनच होकार द्या. खडबडीतपणा ४० ते ७५ मायक्रॉन. तो कंपॅरेटर किंवा रेप्लिका टेपनं तपासतात. माध्यम कॉपर स्लॅग किंवा स्टील ग्रिट घ्या. वाळू नको. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. वर खाडीची वाळू असेल तर तिच्यातलं मीठ लोखंडात ठोकलं जातं.

कॉम्प्रेसरची हवा तपासायला पांढरा टीपकागद किंवा कापड एक मिनिट हवेसमोर धरा. तेलाचा किंवा पाण्याचा डाग आला तर काम थांबवा.

ब्लास्टिंग झाल्यावर धूळ कोरड्या हवेनं उडवा, पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवून पाहा. मग मीठ. डोळ्यांना न दिसणारं मीठ रंगाखाली राहिलं तर ते ओलावा ओढून घेतं आणि वर्षभरात फोड येतात. त्यासाठी ब्रेसल पॅच नावाची चिकटणारी पिशवी असते. तिच्यात शुद्ध पाणी सोडून त्याची विद्युतवाहकता मोजतात. कामांच्या अटींमध्ये मर्यादा बहुधा चौरस मीटरला २० ते ५० मिलिग्रॅम असते. जास्त आलं तर पुन्हा धुणं, पुन्हा ब्लास्टिंग. आपल्या पट्ट्यात सर्वात जास्त गाळली जाणारी पायरी हीच, आणि माझ्या मते पैसे घालायला सर्वात योग्यही.

ब्लास्ट केलेलं लोखंड दमट हवेत काही तासांतच पिवळसर पडतं. दिवसात जेवढं प्रायमरनं झाकून होईल तेवढंच ब्लास्ट करा. रंग बदलला की पुन्हा ब्लास्टिंग, कापडानं पुसून भागवायचं नाही.

हवेचं गणित

दोन अटी: सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसायला लागते) किमान तीन अंश वर. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो, म्हणजे लोखंड २९ अंशांच्या वर हवं. पावसाळ्यातली सकाळ, २६ अंश आणि ९० टक्के: दवबिंदू २४, आणि आर्द्रतेची अट आधीच मोडलेली. मोजायला हायग्रोमीटर आणि लोखंडाला चिकटणारा चुंबकी थर्मामीटर पुरतो; सगळं एकदम दाखवणारं डिजिटल यंत्रही मिळतं. दिवसातून एकदा नाही, काम सुरू करताना, दुपारी आणि संध्याकाळी नोंद घ्या.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर हे काम करू नये, एवढंच. बंद वर्कशॉपमध्ये करता येईल, तेही मोजून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम म्हणतात, पण तेव्हा पहाटे लोखंडावर दव असतं आणि सूर्य कलला की पत्रा-बीम हवेपेक्षा लवकर थंड होतात. त्यामुळे सकाळी लोखंड कोरडं आणि कोमट झाल्यावर सुरू करा आणि सूर्यास्ताच्या बरंच आधी थांबा, म्हणजे शेवटचा हात दव पडण्याआधी सेट होईल. एप्रिल-मेची अडचण उलटी. उन्हातलं लोखंड इतकं तापतं की रंग पोचायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत भुकटी बसते. तेव्हा सावलीची बाजू धरून काम फिरवा.

मिसळणं आणि मारणं

इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन दोन डब्यांचे असतात, बेस आणि हार्डनर. शक्यतो पूर्ण संच मिसळा. "अर्धा डबा अंदाजे" या पद्धतीत काही भाग कधी कडकच होत नाही. आधी बेस तळापासून ढवळा. जस्त जड असल्यानं प्रायमर मारत असतानाही ढवळत राहावा लागतो. मिसळल्यावर वापरायची मुदत माहितीपत्रकात असते, पण तापमान दहा अंशांनी वाढलं की ती ढोबळमानानं निम्मी होते. मे महिन्यात ते वेळापत्रक जसंच्या तसं धरू नका. मुदत संपल्यावर थिनर ओतून पातळ केलेला रंग फेकायचाच. थिनर त्याच कंपनीचा, सांगितलेल्या प्रमाणात.

आता स्ट्राइप कोट. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, म्हणून सपाटीवर १५० मायक्रॉन बसले तरी कडेवर त्याच्या निम्मेही राहत नाहीत. वेल्डच्या खाचा, बोल्टची डोकी, भोकांच्या कडा, अँगलची टोकं, गसेटचे कोपरे या सगळ्यांवर पूर्ण थराच्या आधी ब्रशनं एक जादा हात द्यायचा. ब्रश नुसता फिरवायचा नाही, टोचून दाबायचा, म्हणजे रंग खाचेत शिरतो. रंगाची छटा थोडी वेगळी घ्या, म्हणजे कुठे राहिलं ते लगेच दिसतं. हीच युक्ती थरांना लावा: प्रायमर करडा, मधला तपकिरी, वरचा तुम्हाला हवा तो. तिन्ही एकाच रंगाचे घेतले तर एक हात कमी पडलाय हे कुणालाच कळणार नाही.

मारता मारता ओल्या थराची जाडी कंगव्यासारख्या गेजनं पाहता येते. सुकी जाडी भागिले घन टक्केवारी, गुणिले शंभर: १५० सुके हवेत आणि घन ७५ टक्के, तर ओले २००. दहा टक्के थिनर घातलं असेल तर २२०. हे गेज स्वस्त असतं, पेंटरच्या खिशात हवंच.

दोन थरांमधल्या वेळेला किमान मर्यादा असते तशी कमालही असते. इपॉक्सी कमाल मुदतीपुढे कडक झाला की पुढचा थर नीट धरत नाही; तेव्हा आधी एमरीनं घासून खरखरीत करा. दमट रात्रीनंतर इपॉक्सीवर तेलकट, चिकट साय दिसली तर तिच्यावर रंग मारू नका. कोमट साबणाच्या पाण्यानं धुवून, सुकवून मगच. पॉलियुरेथेनच्या हार्डनरला पाणी चालत नाही; ओलावा लागला तर रंगात बुडबुडे येतात आणि चकाकी जाते. उघडून ठेवलेला हार्डनर दुसऱ्या दिवशी वापरू नये.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा उद्भवू शकतो. स्प्रे मारणाऱ्याला साधा धुळीचा मास्क पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो.

मोजणी

सुकी जाडी चुंबकी गेजनं मोजतात. गेज गुळगुळीत पट्टीवर जुळवलेला असेल तर खडबडीत पृष्ठभागाचा काही भागही तो रंग म्हणून मोजतो. मध्यम खडबडीतपणाला आयएसओ १९८४० प्रत्येक आकड्यातून २५ मायक्रॉन वजा करायला सांगतं. ६० च्या प्रायमरवर हा फरक केवढा ते पाहा: गेज ६५ दाखवतोय आणि प्रत्यक्षात ४० आहेत. याच मानकाप्रमाणे सरासरी ठरवलेल्या जाडीइतकी तरी हवी, कुठलाही एक आकडा ८० टक्क्यांच्या खाली नको, आणि ८० ते १०० टक्क्यांमधले आकडे एकूण मोजण्यांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नकोत. फार जाडही नको. कोपऱ्यात साठलेला रंग तडकतो. वरची फ्लँज (बीमची आडवी पट्टी), मागची बाजू, पर्लिनच्या खालचा भाग अशा अडचणीच्या जागी मुद्दाम मोजा. समोरच्या वेबवर (बीमच्या उभ्या पट्टीवर) सगळ्यांचेच आकडे चांगले येतात.

उभारणी

शक्य तर प्रायमर आणि मधला थर वर्कशॉपमध्ये, वरचा साइटवर. साइट वेल्डच्या दोन्ही बाजूंना ५० ते ७५ मिलिमीटर जागा टेपनं झाकून कोरी ठेवा. घर्षणावर चालणाऱ्या हाय स्ट्रेंग्थ बोल्टच्या जोडात प्लेटची समोरासमोरची तोंडं रंगवायची नाहीत, डिझायनरनं मान्य केलेला लेप असेल तरच. ट्रकवरून उतरवताना साखळीनं सोललेल्या जागा, वेल्ड, घट्ट केलेले बोल्ट, हे सगळं साफ करून पूर्ण तीन थरांनी भरून काढा. वरून नुसता टॉप कोट मारून ते लपतं, थांबत नाही. इमारतीला अग्निरोधक फुगणारा लेप लागणार असेल तर तो या क्रमात कुठे बसतो, हे प्रायमर ठरवतानाच त्या लेपाच्या उत्पादकाकडून लेखी घ्या. सुमारे ५५० अंशांना पोलादाची ताकद जवळपास निम्म्यावर येते, म्हणून त्याची जाडी वेगळ्या हिशोबानं ठरते.

जुनी शेड, चालू कारखाना

खाली मशीन चालू आहेत, ब्लास्टिंग अशक्य, हीच परिस्थिती जास्त. तेव्हा पॉवर टूलनं एसटी ३ पर्यंत सफाई करा: सुटा गंज, पोपडे, सुटा रंग सगळा काढून धातूची चमक दिसेपर्यंत. आजूबाजूचा पक्का रंग उतरता घासून घ्या. धुवा, सुकवा. त्यावर गंजाशी जमवून घेणारा इपॉक्सी मॅस्टिक दोन हात आणि ऊन असेल तर पॉलियुरेथेन. नव्याइतकं आयुष्य मिळणार नाही, हे मालकाला आधीच सांगा. जुना रंग तेलाचा असेल तर त्यावर इपॉक्सीतलं सॉल्व्हंट सुरकुत्या पाडू शकतं, म्हणून एक चौरस फूट लावून काही दिवस पाहा. थिनरचा बोळा घासून जुना रंग विरघळला, तर तो दोन डब्यांचा नव्हे हे समजा.

नंतर

दरवर्षी ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, शेडभोवती एक फेरी मारा: बेस प्लेट, गटाराखालचे बीम, वेल्ड, बोल्ट. दिसलेले ठिपके त्याच हिवाळ्यात साफ करून भरा. गंज पृष्ठभागाच्या एक टक्क्यापर्यंत पोचला की ठिगळकामाचे दिवस संपत आले. मोठ्या रंगकामाचं बजेट तेव्हाच ठरवायला घ्या. त्या वेळी लागतील म्हणून उत्पादनांची नावं, बॅच क्रमांक, हवेच्या आणि जाडीच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा, आणि तिची एक प्रत ऑफिसबाहेर, म्हणजे मॅनेजर बदलला तरी नव्या पेंटरला कशावर काय लावायचं ते सांगता येईल.